न खपलेल्या तबकडीची गोष्ट

लग्नाचे किंवा बाप्तिस्म्याचे जेवण आटोपून मंडळी अंगणात खुर्च्या टाकून बसली की आमच्या नात्यागोत्यात संगीताचा विषय हमखास निघतो. घराआड एक गिटार असलेला हा आपला समाज. कोणी बीटल्सचे नाव घेतो, कोणी रोलिंग स्टोन्सचे. पाचगणीच्या शाळेत शिकलेल्या फ्रेडी मर्क्युरीचा अभिमान बाळगणारा एखादा क्वीनसाठी हिरिरीने भांडतो. तरुण मुले निर्व्हानाचा कैवार घेतात. मग 'रॉक संगीतात सर्वांत मोठे कोण?' हा प्रश्न आमच्याकडे येतो, कारण या नादापायी आम्ही आयुष्याची किती वर्षे घालवली हे सर्वांना ठाऊक आहे. आम्ही 'व्हेल्वेट अंडरग्राउंड' असे उत्तर देतो आणि मंडळी एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागतात. हे नाव त्यांनी ऐकलेले नसते. आमच्या एका मामांनी सारी हयात चर्चच्या क्वायरमध्ये व्हायोलिन वाजवण्यात घालवली होती. आमच्या आग्रहाखातर त्यांनी एकदा ही तबकडी पाच मिनिटे ऐकली आणि शांतपणे विचारले, "अरे, हे लोक वाद्ये सुरात लावून कधी घेणार?"

मामांना त्या वेळी आम्हांला नीट उत्तर देता आले नाही. पुढे जे वाचले, जे ऐकले, त्यातून ते उत्तर हळूहळू जुळत गेले. ते येथे मांडण्याचा हा प्रयत्न आहे. मते आमची आहेत, आणि आम्ही संगीतशास्त्राचे पंडित नसून केवळ श्रोते आहोत, हे आधीच सांगून टाकलेले बरे.

व्हेल्वेट अंडरग्राउंड हा वाद्यवृंद न्यूयॉर्क शहरात 1965 च्या सुमारास आकाराला आला. लू रीड हा ब्रुकलिनमध्ये जन्मलेला तरुण विद्यापीठात साहित्य शिकला होता आणि एका स्वस्त ध्वनिमुद्रिका कंपनीसाठी मागणीबरहुकूम गाणी लिहून पोट भरत होता. जॉन केल हा वेल्समधील खाणकामगाराचा मुलगा. त्याने अभिजात संगीताचे शिक्षण घेतले होते आणि तो व्हायोला वाजवीत असे. गिटारवर स्टर्लिंग मॉरिसन होता आणि ड्रमवर मॉरीन टकर ही तरुणी. ती उभी राहून वाजवी, झांजांना फारसा हात लावीत नसे, आणि तिचा ठेका एखाद्या जात्यासारखा एकाच गतीने फिरत राही.

या वाद्यवृंदाच्या सुरावटीत आपल्या कानाला ओळखीचे असे काही आहे. केल हा ला मॉन्टे यंग या संगीतकाराच्या मंडळात काही काळ वाजवीत होता. यंग यांनी उस्ताद अली अकबर खाँ यांची 1955 ची ध्वनिमुद्रिका ऐकली होती आणि तिच्यातील तानपुऱ्याच्या अखंड सुराने ते भारावून गेले होते. एकच स्वर लांबवत, धरून ठेवत त्यातच संगीत शोधायचे हा ध्यास त्यांनी घेतला. केलने तोच धरलेला स्वर आपल्या व्हायोलावर आणला आणि विजेच्या गिटारच्या गोंगाटाखाली पसरून ठेवला. मामांना जे बेसूर वाटले त्याच्या तळाशी तानपुऱ्याची एक दूरची आठवण होती, हे आम्हांला फार उशिरा कळले.

चित्रकार अँडी वॉरहॉल यांनी या मंडळींना हाताशी धरले. वॉरहॉल यांचे आईवडील आजच्या स्लोव्हाकियातील मिकोव्हा या खेड्यातून अमेरिकेत आलेले, पौर्वात्य विधीचे कॅथलिक. मुलगा जगप्रसिद्ध झाला तरी चर्चची वाट विसरला नव्हता. त्यांच्याच सूचनेवरून निको ही जर्मन गायिका मंडळात आली, आणि पिवळ्या केळ्याचे चित्र असलेली पहिली तबकडी मार्च 1967 मध्ये बाहेर पडली.

तीच वेळ बीटल्सच्या 'सार्जंट पेपर'ची. त्या उन्हाळ्यात जगभर बीटल्सची धून घुमत असताना केळ्याच्या चित्राची ही तबकडी अमेरिकेच्या खपाच्या यादीत पहिल्या शंभरातही आली नाही. कित्येक रेडिओ केंद्रांनी तिला थारा दिला नाही. त्या काळची गाणी फुलांची, प्रेमाची आणि नव्या पहाटेची होती; लू रीडची गाणी मात्र महानगराच्या मागच्या गल्लीतील होती. व्यसनी माणसे, एकटी माणसे, रविवारच्या सकाळी पोकळ मनाने घरी परतणारी माणसे. 1968 मध्ये केल बाहेर पडला. 1970 च्या ऑगस्टमध्ये रीडनेही वाद्यवृंद सोडला आणि काही काळ वडिलांच्या कचेरीत टंकलेखकाचे काम केले. व्यवहाराच्या भाषेत सांगायचे तर दुकान बुडाले होते.

संगीतकार ब्रायन ईनो यांनी पुढे एका मुलाखतीत अशा आशयाचे उद्गार काढले की, ती तबकडी थोड्यांनीच विकत घेतली, परंतु ज्यांनी घेतली त्या प्रत्येकाने स्वतःचा वाद्यवृंद सुरू केला. हे अर्थात अतिशयोक्तीचे बोलणे आहे. पण त्यातला मुद्दा आम्हांला पटतो. एखाद्या कलावंताचा प्रभाव मोजायचा तर त्याच्या किती प्रती खपल्या यापेक्षा त्याला ऐकून श्रोत्याने पुढे काय करण्याचे धाडस केले, हे पाहावे. ही कसोटी लावायची तर न्यूयॉर्क सोडून आपल्याला प्राग शहरात जावे लागेल.

1968 च्या वसंतात वाक्लाव हावेल हे चेक नाटककार आपल्या नाटकाच्या प्रयोगानिमित्त न्यूयॉर्कला गेले होते. चेकोस्लोव्हाकियात त्या वेळी अलेक्झांडर दुबचेक यांच्या कारकिर्दीत मोकळे वारे वाहू लागले होते. हावेल परतताना सोबत काही तबकड्या घेऊन आले आणि त्यांत व्हेल्वेट अंडरग्राउंडचीही होती. थोड्याच महिन्यांनी, 20 ऑगस्टच्या रात्री, सोव्हिएत संघ आणि त्याच्या मित्रराष्ट्रांचे रणगाडे देशात शिरले आणि ते वारे थांबले.

त्याच शरद ऋतूत, रणगाड्यांचे घरघरणे अजून कानांत असताना, मिलान ह्लाव्सा या सतरा वर्षांच्या मुलाने प्रागमध्ये मित्रांना जमवून एक वाद्यवृंद उभा केला. ह्लाव्सा खाटकाचे काम शिकलेला होता. वाद्यवृंदाचे नाव 'प्लास्टिक पीपल ऑफ द युनिव्हर्स'. ते अमेरिकन संगीतकार फ्रँक झापा यांच्या एका गाण्यावरून सुचलेले. हावेल यांनी आणलेली तबकडीच या मुलांच्या हाती पडली असे मात्र नव्हे. त्या दोघांची ओळख व्हायला अजून आठ वर्षे होती. पण व्हेल्वेट अंडरग्राउंडचे सूर निरनिराळ्या वाटांनी प्रागमध्ये पोहोचले होते आणि प्लास्टिक पीपल सुरुवातीच्या काळात तीच गाणी वाजवीत असत. जी गाणी न्यूयॉर्कमध्ये खपली नाहीत, ती लोखंडी पडद्याआड तरुण मुले कान देऊन ऐकत होती.

त्या राजवटीत पैसे घेऊन संगीत वाजवायचे तर सरकारी परवाना लागे. केस किती लांब असावेत, नाव कोणत्या भाषेत असावे, गाण्यात काय असावे, हे सारे ठरलेले असे. प्लास्टिक पीपलनी नमते घेतले नाही. 1970 मध्ये परवाना गेला आणि त्याबरोबर सरकारी मालकीची वाद्ये व ध्वनिवर्धकही गेले. मंडळातील योसेफ यानिचेक याला यंत्रकाम येत होते. त्याने जुन्या ट्रान्झिस्टर रेडिओंच्या सुट्या भागांतून ध्वनिवर्धक जुळवले. त्यांचे कलामार्गदर्शक इव्हान यिरौस हे कलेचे इतिहासकार होते. सरकारमान्य संस्कृतीशी भांडत बसण्यापेक्षा तिच्या शेजारी आपली निराळी 'दुसरी संस्कृती' उभारावी, असा त्यांचा विचार होता.

मग कार्यक्रम कसे होत? कोणाच्या तरी लग्नाच्या निमित्ताने. लग्नाला वाजंत्री लागतातच आणि घरच्या समारंभाला परवाना लागत नाही! कार्यक्रमाची जागा तोंडोतोंडी कळे. श्रोते आगगाडीने एखाद्या आडगावच्या स्थानकावर उतरत आणि बर्फातून, रानातून चालत कोठारापर्यंत पोहोचत. 1974 च्या मार्चमध्ये चेस्के बुद्येयोविस शहराजवळ अशाच एका कार्यक्रमाला आलेल्या शेकडो तरुणांना पोलिसांनी लाठ्यांनी झोडपून परत गाडीत कोंबले. आपल्याकडे लग्नात बँड वाजतो तेव्हा फार तर शेजारी तक्रार करतात. तेथे एका गाण्यासाठी शाळेतून नाव कमी होत होते, नोकरी जात होती.

1976 च्या फेब्रुवारीत बोयानोविस या गावी खुद्द यिरौस यांच्या लग्नानिमित्त मोठा कार्यक्रम झाला. पुढच्याच महिन्यात पोलिसांनी डझनाहून अधिक कलावंत व त्यांचे सोबती पकडले. सप्टेंबरमध्ये प्रागच्या न्यायालयात खटला चालला. आरोप होता संघटितपणे सार्वजनिक शांततेचा भंग केल्याचा. यिरौस यांना अठरा महिने, पावेल झायीचेक यांना बारा महिने, सॅक्सोफोनवादक व्रातिस्लाव्ह ब्राबेनेत्स यांना आठ महिने आणि स्वातोप्लुक कारासेक यांना आठ महिने तुरुंगवास झाला. कारासेक हे प्रॉटेस्टंट पाळक. ते गिटार घेऊन धार्मिक गीते गात असत.

हावेल यांची यिरौस यांच्याशी भेट त्याच वर्षाच्या आरंभी झाली होती. या लांब केसांच्या माणसाविषयी त्यांच्या मनात आधी साशंकता होती. पण यिरौस यांनी एका खडखडणाऱ्या टेपरेकॉर्डरवर आपल्या मित्रांचे संगीत ऐकवले, आणि या कर्कश सुरांत एक खरा विषाद आहे, हे त्या नाटककाराला जाणवले. अटका झाल्यावर त्यांनी आपले वजन या मुलांच्या बाजूने टाकले. त्यांचा युक्तिवाद सोपा होता. आजवर सरकारने आपल्या राजकीय विरोधकांना तुरुंगात टाकले. त्यांना धोका ठाऊक होता. या मुलांना सत्ता नको होती, पक्ष नको होता. त्यांना आपल्या मनाप्रमाणे जगायचे आणि गायचे होते. त्यांना शिक्षा होते याचा अर्थ आता साध्या जगण्यावरच घाला पडला आहे. आज आपण गप्प राहिलो तर उद्या कोणालाही असेच उचलता येईल.

या खटल्याने जे कधी एका खोलीत बसले नव्हते ते एकत्र आले. पक्षातून काढलेले जुने साम्यवादी, कॅथलिक, प्रॉटेस्टंट, लेखक, तत्त्वज्ञ, आणि लांब केसांची पोरे. जानेवारी 1977 मध्ये 'सनद 77' प्रसिद्ध झाली. मानवी हक्कांचे जे आंतरराष्ट्रीय करार सरकारने स्वतःच मान्य केले आहेत ते पाळावेत, एवढीच तिची मागणी होती. आरंभी सुमारे 240 जणांनी तिच्यावर सह्या केल्या. सनदेचे एक प्रवक्ते, वृद्ध तत्त्वज्ञ यान पातोच्का, पोलिसांच्या दीर्घ चौकशीनंतर आजारी पडून त्याच मार्चमध्ये वारले. हावेल यांनाही पुढे 1979 ते 1983 अशी जवळजवळ चार वर्षे तुरुंगात काढावी लागली.

आता या इतिहासातील आम्हांला सर्वांत प्रिय असलेला भाग. सुटून आल्यावर प्लास्टिक पीपलनी काय केले? सूडाचे गाणे केले नाही. 1978 मध्ये हावेल यांच्या ह्रादेचेक येथील शेतघरी, पोलिसांच्या पहाऱ्याखाली, त्यांनी एक मोठी रचना ध्वनिमुद्रित केली, आणि तिचा विषय होता प्रभू येशूचे दुःखसहन. शब्द जुळवले होते ब्राबेनेत्स यांनी, जे स्वतः आठ महिने आत राहून आले होते. खोटा आरोप, खोटे साक्षीदार, हात धुणारा अधिकारी, आरोळ्या मारणारा जमाव. पवित्र आठवड्यात आपण दरवर्षी ऐकतो ती कथा त्यांच्या दृष्टीने जुनी नव्हतीच. ध्वनिफीत लपतछपत देशाबाहेर गेली आणि 1980 मध्ये कॅनडात तिची तबकडी निघाली. रॉक संगीताने धर्माचा आधार घेतल्याची आणखीही उदाहरणे आहेत, पण यापेक्षा अधिक प्रामाणिक उदाहरण आम्हांला ठाऊक नाही.

17 नोव्हेंबर 1989 रोजी प्रागच्या रस्त्यावर विद्यार्थ्यांच्या मिरवणुकीवर लाठ्या पडल्या आणि त्यानंतर काही आठवड्यांतच एक राजवट कोसळली. रक्तपाताविना झालेल्या या क्रांतीला 'मखमली क्रांती' म्हणतात. 'व्हेल्वेट' म्हणजेही मखमलच. पण क्रांतीचे नाव वाद्यवृंदावरून पडले नाही, तो एक गोड योगायोग आहे. लेत्ना मैदानावर लाखोंच्या सभांचे सूत्रसंचालन करणारा माणूस होता फादर वाक्लाव माली. सनदेवर सही केलेल्या या तरुण धर्मगुरूचा धर्मसेवेचा सरकारी परवाना 1979 मध्ये काढून घेतला होता आणि त्यांनी कित्येक वर्षे बॉयलरमध्ये कोळसा घालण्याचे काम केले होते. त्या मैदानावर लाठ्या चालवणाऱ्या पोलिसांपैकी दोघे क्षमा मागायला आले, तेव्हा फादर मालींनी जमावाकडून 'हे आमच्या बापा' ही प्रार्थना म्हणवून घेतली. पुढे ते प्रागचे सहाय्यक बिशप झाले. परवाना गेलेले वादक आणि परवाना गेलेला धर्मगुरू एकाच सनदेच्या छायेत उभे होते, ही गोष्ट आम्हांला विसरता येत नाही.

29 डिसेंबर 1989 रोजी हावेल राष्ट्राध्यक्ष झाले. 1990 च्या वसंतात लू रीड त्यांची मुलाखत घ्यायला प्रागला आला. आपल्या गाण्यांचे येथे काय झाले याची त्याला पुरती कल्पना नव्हती. हावेल यांनी त्याच्या हाती एक छोटी पुस्तिका ठेवली. ती त्याच्याच गाण्यांच्या चेक भाषांतराची, सरकारच्या नजरेआड हाताने तयार केलेली प्रत होती. ती बाळगणेही त्या काळी धोक्याचे होते. संध्याकाळी एका क्लबात जुन्या प्लास्टिक पीपलपैकी काहींनी व्हेल्वेट अंडरग्राउंडची गाणी वाजवली आणि रीडही गिटार घेऊन त्यांच्यात जाऊन बसला. वडिलांच्या कचेरीत टंकलेखन करणाऱ्या त्या माणसाला वीस वर्षांनी आपल्या बुडालेल्या दुकानाचा हिशेब मिळाला.

पाश्चात्त्य जगातील वारसदारांची यादी लांब आहे, थोडक्यात सांगतो. डेव्हिड बोवी यांनी 1972 मध्ये रीडला हात देऊन पुन्हा उभे केले. बोवींचा वेष पाहून नाक मुरडणाऱ्यांनी त्यांचे हे औदार्यही लक्षात ठेवावे. पॅटी स्मिथ यांची 1975 ची पहिली तबकडी जॉन केलने घडवली. कवितेला रॉकमध्ये मानाची जागा त्यांनी मिळवून दिली. जॉर्जिया राज्यातील अथेन्स गावी 1980 मध्ये सुरू झालेला आर.ई.एम. हा वाद्यवृंद आम्हांला या घराण्यातील सर्वांत समंजस मुलगा वाटतो: घाई न करता मोठा झाला आणि 2011 मध्ये भांडण न करता निरोप घेतला. निर्व्हानाने 1991 च्या 'नेव्हरमाइंड'ने या घराण्याला प्रथमच अफाट खप मिळवून दिला. पण कर्ट कोबेनला ते यश पेलले नाही. 1994 च्या एप्रिलमध्ये, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, त्याने स्वतःचा अंत केला. तरुण मुले त्याचा कैवार घेतात तेव्हा आम्ही वाद घालत नाही. फक्त एवढेच सांगतो की त्याची गाणी ऐका, त्याच्या मरणाचे कौतुक करू नका.

येथे पालकांच्या मनातील प्रश्न टाळून चालणार नाही. लू रीडची काही गाणी अमली पदार्थांविषयी आहेत. तो स्वतःही त्या वाटेने गेला होता. अशा माणसाची भलावण धर्मग्रामाच्या कुटुंबांपुढे का करावी? आमचे उत्तर असे: ती गाणी व्यसनाची जाहिरात करीत नाहीत. व्यसनी माणूस आतून कसा रिकामा होतो हे ती उपदेश न करता दाखवतात. लहान मुलांच्या हाती ती देऊ नयेत, हे आम्हीही म्हणू. परंतु मोठ्या झालेल्या मुलाने ती ऐकली तर दार आपटून बंद करण्यापेक्षा शेजारी बसून ऐकावे आणि मग बोलावे. चेकोस्लोव्हाकियातील सत्ताधाऱ्यांचीही सबब हीच होती की, ही मुले अश्लील आहेत, व्यसनी आहेत, समाजाची घाण आहेत. ती ऐकून अनेक सज्जनांनी तेव्हा माना डोलावल्या. हावेलसारख्या थोड्यांनी आधी टेप ऐकली.

बीटल्सच्या चाली अधिक गोड आहेत हे आम्ही आजही मान्य करतो. क्वीनचे गायन अधिक कसलेले आहे, यातही शंका नाही. तरी 'सर्वांत मोठे कोण?' या प्रश्नाला आम्ही तेच उत्तर देत राहू, कारण या वाद्यवृंदाने गाता न येणाऱ्यालाही, वाद्य नसणाऱ्यालाही सांगितले की तुझ्याजवळ खरे सांगण्यासारखे काही असेल तर ते सांग. प्रागच्या मुलांनी ते मनावर घेतले आणि त्याची किंमत तुरुंगात मोजली.

मामांना आम्ही एका पवित्र आठवड्यात प्लास्टिक पीपलच्या दुःखसहनाची कॅसेट ऐकवली, कोणाची आहे हे न सांगता. ते डोळे मिटून ऐकत राहिले. व्हायोला तसाच खरखरत होता, सॅक्सोफोन तसाच किंचाळत होता; वाद्ये याही वेळी सुरात नाहीत असे ते म्हणतील म्हणून आम्ही वाट पाहत होतो. एक बाजू संपली तेव्हा त्यांनी विचारले, "कोण आहेत ही माणसे?" आम्ही कोठार, लग्ने, खटला आणि आठ महिन्यांची गोष्ट सांगितली. मामा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "दुसरी बाजू लाव."